माझं नसलेलं वाक्य

मी कॉलेजच्या लॅबमध्ये निबंध लिहीत बसले होते आणि कुणीतरी येऊन माझा कॉम्प्युटर बंद केला.

"सॉरी… स्क्रीन काळी होती. मला वाटलं, तुम्ही नुसती गाणी ऐकताय."

"स्क्रीन मीच काळी ठेवते. मला दिसत नाही, मग उजेड कुणासाठी पाडायचा?" कानावरचा हेडफोन काढत मी म्हणाले. "अख्खा निबंध गेला माझा!"

तो लॅबमधला नवा तंत्रज्ञ होता. पहिल्याच दिवशी हा पराक्रम! भरपाई म्हणून तो माझी पुस्तकं स्कॅन करून द्यायला लागला. मशीन वाचताना अडखळायचं, तिथे ओळ न् ओळ स्वतः दुरुस्त करायचा. एकदा त्याने स्क्रीनवरचं मला वाचून दाखवणारा माझा हेडफोन कानाला लावला.

"बाप रे! हे वाचतंय की पळतंय?"

"तुमच्यासारखं रमतगमत वाचलं, तर पदवी म्हातारपणी मिळेल."

तो हसला. त्याचं हसू आधी श्वासात यायचं, मग आवाजात. मला ते ऐकायची सवय लागली.

लहानपणापासून आईनेच मला पुस्तकं वाचून दाखवली. आता तिचेच डोळे अधू व्हायला लागले होते. परीक्षेत मी सांगायचे आणि लेखनिक लिहायचा. यंदाची शेवटची परीक्षा मात्र मला माझ्या बोटांनी लिहायची होती. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "आधी सराव परीक्षा एकटीने देऊन दाखव, मग परवानगी."

सराव परीक्षेत शेवटचं उत्तर उरलं असताना मशीनचा आवाजच गेला.

"तुम्ही सांगा, मी टाइप करतो," लॅबच्या ड्युटीवर शेजारी बसलेला तो कुजबुजला. मी घाबरले होते. मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते उत्तर मी ऐकलं आणि मध्येच थांबले.

"हे वाक्य माझं नाही."

"अर्थ तोच आहे… मी फक्त जरा नीट केलं."

"माझ्यापेक्षा छान झालंय. पण उद्या लोक म्हणतील, हिला कुणीतरी लिहून दिलं. आणि ते खरं असेल!"

"तुमची संधी गेलेली मला बघवली नसती," तो म्हणाला.

"मग डोळे मिटा. मला जमतं, तुम्हालाही जमेल."

मी तडक बाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. मागोमाग तोही आला, चूक त्याची आहे म्हणाला. बाईंनी आणखी एक संधी दिली. "पण या वेळी काहीही झालं तरी कुणी हात लावायचा नाही. नाही जमलं, तर लेखनिक."

आणि दुसऱ्या वेळीही आवाज गेलाच.

कानात नुसती शांतता. आईची आठवण आली. मागे त्याची खुर्ची करकरली… आणि थांबली. तो उठला नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, असं बाईंनी नंतर सांगितलं.

मी कीबोर्डवरच्या कळा चाचपल्या. वाचणारा प्रोग्राम बंद केला, पुन्हा चालू केला. काहीच नाही. पुन्हा एकदा केला… आणि आवाज आला. माझंच वेडंवाकडं वाक्य प्रोग्रामने मला वाचून दाखवलं, आणि मी पुढे लिहायला लागले.

परवानगी मिळाली. बाहेर जिन्यात तो उभा होता. पाऊल वाजलं तसं मी ओळखलं.

"मला तुम्ही… म्हणजे, रोज लॅबमध्ये… तुम्ही आलात की मला…"

त्या बोलण्याला शेंडा ना बुडखा. पुढचं मला कळलं होतं, खरं तर कधीपासून ठाऊक होतं. मलाही तो तितकाच आवडत होता. त्याचं वाक्य मी चुटकीसरशी पुरं केलं असतं. जीभ नुसती शिवशिवत होती.

"सांग ना," मी म्हणाले, पहिल्यांदाच अहोजाहो सोडून. "मला घाई नाही."

मग मी पायरीवर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबले.