आठव्या दिवसाचा बॅकअप

कुमासीत हरमटानचा वारा सुटला की ऊन पांढुरकं पडतं. वाळवंटातून आलेली धूळ फटीफटीतून आत शिरते आणि पुसून वळेपर्यंत टेबलावर पुन्हा बसते. अशाच एका शनिवारी दुपारी पोकुआ ऑफिसात एकटी होती. काम तसं साधंच होतं. तीन सॉफ्टवेअरांतून एक निवडायचं आणि सहाच्या आत मॅडमना नाव कळवायचं.

कंपनी कृत्रिम पाय बनवायची. तीन हजार एकशे बारा माणसांची मापं एका म्हाताऱ्या सर्व्हरवर होती आणि त्याची डिस्क महिनाभर दमेकऱ्यासारखी कुरकुरत होती. सोमवारी नवा सर्व्हर येणार होता. त्याआधी मापं जपून ठेवील आणि मागितली की परत देईल असं सॉफ्टवेअर ठरायला हवं होतं.

बाकीचे सगळे शोकाचे काळे-तांबडे कपडे घालून वोफा बोआडूंच्या घरी गेले होते. वोफा म्हणजे मामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण बावीस वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? गेल्या शनिवारी सकाळी त्यांनी तिन्ही सॉफ्टवेअरं चाचणीला लावून दिली, जेवून घरी आडवे झाले, ते उठलेच नाहीत. आज त्यांचा आठवा दिवस. इथले अकान लोक गेल्याचा दिवस धरून मोजतात, म्हणून त्यांचा आठवडा आठ दिवसांचा. आपणही सात दिवसांना आठवडाच म्हणतो, तेव्हा हसायचं कारण नाही.

मॅडमचा फोन आला. मागे ढोल वाजत होते.

"अगं, ते निळंच घेऊन टाक. किती देखणं आहे. तो विकणारा म्हणाला, एक बटण दाबलं की सगळं परत."

"बटण त्यानेच दाबून दाखवलं होतं, मॅडम."

"तू अगदी बोआडूंची भाची शोभतेस. बरं, बघ काय ते. त्यांचा पाय इथे फोटोशेजारी ठेवलाय. सगळे येऊन त्याला हात लावून जातायत."

वोफांना डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. कंपनीने बनवलेला पहिला पाय त्यांचाच, फाइल नंबर एकही त्यांचीच. दुपारी उकडलं की ते पाय काढून सर्व्हरच्या खोलीत दारामागच्या खुंटीला अडकवायचे आणि मांडीला मेंथॉलचं मलम चोळत बसायचे. चालताना आधी बूट वाजायचा, मग रबराचा ठोका. दर शनिवारी ते बॅकअपमधून स्वतःची फाइल बाहेर काढून तपासायचे. पोकुआ हसली की म्हणायचे, "हिरव्या खुणेवर जाऊ नकोस, पोरी. बाळ सात दिवस पाहुणं असतं, आल्या वाटेने परत जाऊ शकतं. आठव्या दिवशी नाव ठेवलं की ते आपलं. बॅकअपचंही तसंच. एक माणूस बाहेर काढायचा, चालवून बघायचा. मगच म्हणायचं, आहे."

आज खुंटी रिकामी होती. पोकुआने तिकडे बघायचं टाळलं.

दोन चाळीसला लाइट गेली. पहारेकरी इसाकाने जनरेटर सुरू केला, वीज हिसका देऊन परत आली आणि सर्व्हरची डिस्क तीनदा टकटकली. मग गप्प झाली. महिनाभर कानाशी असलेली कुरकुर थांबली तेव्हा खोली किती शांत आहे ते तिला कळलं.

आज सकाळीच लारिबाचं माप घेतलं होतं. अकरा वर्षांची पोर, उंची वाढली आणि जुना पाय तोकडा पडला, आठ महिने कुबड्यांवर होती. शाळा सुटलेली. सकाळच्या बसने ती बोल्गाटांगाकडे परतली होती, अख्ख्या दिवसाचा प्रवास, आणि पुन्हा येण्याइतकी ऐपत तिच्या आईपाशी नव्हती. माप यंत्राने घेतलेलं, कागदावर काही नाही. मंगळवारी तिचा पाय साच्यात जायचा होता.

पोकुआने दुसऱ्या यंत्रावर निळ्या सॉफ्टवेअरकडून त्याने आठवडाभर जपलेली मापं परत मागितली. चार मिनिटांत सगळीकडे हिरव्या खुणा उमटल्या. तिने एक फाइल उघडली. नाव होतं, मापाचे रकाने कोरे. दुसरी उघडली, तीही कोरी. तीन हजार माणसांची नुसती टरफलं परत आली होती.

दुसऱ्या सॉफ्टवेअरने मापं आणली, पण इथल्या ट्वी भाषेतलं ते उलट्या सीसारखं दिसणारं अक्षर त्याला ठाऊकच नव्हतं. जिथे ते अक्षर, तिथे प्रश्नचिन्ह. दोन नावं अशी एकसारखी झाली आणि एका म्हाताऱ्याचा पाय एका शाळामास्तरांच्या नावावर जाऊन बसला.

उरलं तिसरं. करड्या रंगाचं, कुरूप, बैलगाडीच्या चालीचं. त्याच्या यादीत सात ओळी होत्या, गेल्या शनिवारपासून कालच्या शुक्रवारपर्यंत, रोज मध्यरात्रीची एक प्रत. तिने शुक्रवारची मागितली. आकडा हळूहळू वर सरकू लागला. फायली पुऱ्या येत होत्या, नावांसकट, मापांसकट. पण लारिबाचं माप आज सकाळचं. ते शुक्रवारात कुठून असणार?

तेवढ्यात जनरेटर धापा टाकून बंद पडला. यंत्र बॅटरीवर चालू राहिलं. खिडकीतला उजेड राखेसारखा झाला होता.

बाहेरच्या बोळात बूट वाजला.

मग ठक.

बूट... ठक. बूट... ठक.

"इसाका?" तिने हाक मारली.

इसाका लांब फाटकापाशी जनरेटरला शिव्या घालत होता. ते तिला स्पष्ट ऐकू येत होतं. पावलं तिच्या दारावरून गेली, सर्व्हरच्या खोलीत शिरली. मेंथॉलचा वास आला, ताजा, नाकात झोंबणारा. पळावं असं वाटत होतं, पण आकडा सरकत होता आणि तो सोडून उठवेना.

"वोफा..." ती पुटपुटली. "लारिबाचं माप राहिलं हो..."

पलीकडे काहीतरी खुंटीला अडकवल्याचा आवाज झाला.

यादी एकदा लुकलुकली. सातव्या ओळीखाली आठवी ओळ होती. शनिवार, तीन वाजून दहा मिनिटं. डिस्क मरून अर्धा तास झाला होता.

तिने ती ओळ दाबली. लारिबाची फाइल उघडली. रकाने भरलेले होते. एक माणूस बाहेर काढ, चालवून बघ. तिने ते माप साच्याच्या आराखड्यात घातलं आणि पडद्यावर हळूहळू एक छोटा पाय उभा राहिला, वाढत्या वयाचा, सरळ. पोकुआला रडू आलं. ते भीतीचं नव्हतं.

मग नंबर एकची फाइल. तिचीही आजचीच तारीख, तीन दहा. डाव्या पावलाच्या रकान्यात बावीस वर्षं नुसती आडवी रेघ होती. आता तिथे लिहिलं होतं, सव्वीस सेंटीमीटर. खाली शेऱ्यात दोन शब्द. चालवून पाहिलं.

पावलं परत निघाली. या वेळी बूट नव्हता आणि ठोकाही नव्हता. अनवाणी पावलं, डावं-उजवं सारख्याच वजनाचं, उतावीळ पोरासारखी बोळातून बाहेर गेली.

लाइट आल्यावर तिने मॅडमना फोन लावला.

"तिसरं घ्या."

"ते मेलं कुरूप?"

"माणसं पुरी परत आणतं, मॅडम. पण सात दिवसांचीच. सकाळची मापं मध्यरात्रीपर्यंत प्रतीविना उघडी राहतात. दर तासाला प्रत घ्यायला लावू. दर वेळी कोण येणार आहे?"

"कोण यायचंय? बरं, तू म्हणशील ते. इकडे वेगळाच गोंधळ झालाय. फोटोशेजारचा बोआडूंचा पाय दिसत नाहीये. तीनपर्यंत होता गं, मी स्वतः पाहिलाय."

पोकुआ उठून सर्व्हरच्या खोलीत डोकावली. दारामागच्या खुंटीला पाय लटकत होता, पट्टा अजून किंचित हलत होता.

इसाका झाडू घेऊन आला. "सिस्टर, केवढी धूळ ही. झाडून घेऊ?"

"थांब जरा," ती म्हणाली. पाय मोजायची पट्टी घेऊन ती बोळात गुडघ्यांवर बसली. धुळीत आत येणारा एक बूट आणि एक गोल ठसा होता, बाहेर जाणारी दोन अनवाणी पावलं. तिने डाव्या पावलावर, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, पट्टी धरली.

सव्वीस.

"बोळ सोमवारी झाड," ती म्हणाली आणि वोफांचा पाय काखेत घेऊन त्यांच्या घरी निघाली.