एकवीस नंबर आणि तटस्थराव

नगरपालिकेचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकला. मतदारयादीतून चिठ्ठ्या काढून चाळीस माणसं निवडली होती, आणि त्यात माझं नाव! आमच्या भागातल्या दवाखान्याची बाळंतपणाची खोली दुरुस्तीसाठी म्हणून बंद केली होती. ती कायमची बंद करायची की पुन्हा सुरू करायची, हे या चाळिसांनी सहा शनिवार बसून ठरवायचं. ठरेल ते पाळू, असं पालिकेने लिहून दिलं होतं. मी शाळांचे गणवेश शिवते. धोरणबिरण मला काय कळणार?

पत्र परत करायला गेले, तर सभागृहाच्या दारात हा उभा. काखेत जाडजूड वही, शर्टाचं एक बटण निसटायला आलेलं. मी म्हटलं, माझ्याऐवजी कुणा शिकलेल्या माणसाला बोलवा. त्याने एकवीस नंबरचा बिल्ला माझ्यापुढे धरला.

"शिकलेले आहेत आत," तो म्हणाला. "गणवेश शिवणारं कुणी नाही."

आणि असा काही हसला, की... पत्र पिशवीतच राहिलं.

तो सभेची टिपणं घ्यायचा. कुणाची बाजू घ्यायची नाही, आणि ज्याचं बोलणं त्याला वाचून दाखवून सही घ्यायची, हा त्याच्या कामाचा नियम. चहा बरा झालाय का विचारलं तरी नुसती मान हलवायचा, तीही हो की नाही ते कळू नये अशी. म्हणून आम्ही त्याला तटस्थराव म्हणायला लागलो.

तिसऱ्या शनिवारी मी बोलले. खोली बंद होती म्हणून माझ्या ताईला मोठ्या रुग्णालयाकडे नेत होतो, आणि गाडीतच तिचं बाळ गेलं. आता तिला पुन्हा सातवा महिना आहे. एवढंच बोलले आणि बसले. मधल्या सुट्टीत त्याने टिपण वाचून दाखवलं: "सेवेअभावी कुटुंबाची गैरसोय झाली."

माझं डोकंच फिरलं. "गैरसोय? बाळ गेलं आमचं. मी सही करणार नाही."

तो पांढराफटक पडला. "चुकलं माझं," म्हणाला. ओळ खोडली आणि मी बोलले होते तसं, शब्दन् शब्द लिहून काढलं. लिहिताना त्याचे डोळे भरले होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगते, त्याच क्षणी मी त्याच्यात गुंतले.

मग तो बस थांब्यापर्यंत माझ्यासोबत यायला लागला. सभेबद्दल चकार शब्द नाही. मी त्याला बटण लावून दिलं, तर म्हणाला, आता बाकीची चार सैल वाटतात. मी म्हटलं, ती मुद्दाम सैल करू नका... आणि दोघंही उगीच रस्त्याकडे बघत राहिलो.

पाचव्या शनिवारी मास्तरांनी मला बाजूला घेतलं. निवृत्त शिक्षक, आणि खोली बंद करून मोठ्या रुग्णालयात न्यायला चांगल्या गाड्या द्या म्हणणाऱ्यांचे पुढारी. माणूस सरळ. दोन-दोन महिने डॉक्टर मिळत नाही, हे त्यांचं म्हणणंही पोकळ नव्हतं. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या बाजूने निकाल लागला आणि तुमच्या दोघांचं हे उद्या कुणी उकरून काढलं, तर सगळी सभाच रद्द होईल."

थांब्यावर मी त्याला सांगून टाकलं, "माझ्याकडे बघू नका आता. ताईचा प्रश्न आहे."

"बघतो ते... दिसतं?"

"चाळीस जणांना दिसतं."



शेवटच्या शनिवारी मतदानाआधी तो उभा राहिला. "एक नोंद करायची आहे," म्हणाला. "सदस्य क्रमांक एकवीस यांच्याबाबत मी तटस्थ राहिलेलो नाही. माझं मन त्यांच्यात गुंतलंय. त्यांना मी अजून तसं सांगितलेलं नाही. टिपणं प्रत्येकाने पुन्हा तपासावीत. मी हे काम सोडतो."

माझे कान तापले, वर बघायची सोय उरली नाही. तो वही टेबलावर ठेवून निघून गेला. सगळ्यांनी आपापलं टिपण पुन्हा वाचलं. मास्तरांनी सर्वांत आधी सही केली आणि म्हणाले, "माझा एक शब्दही इकडचा तिकडे नाही. घ्या मतदान."

खोली सुरू करा: बावीस. बंद करा: अठरा.

मी जिना कसा उतरले, माहीत नाही. तो समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. मला बघून उठला. वाटलं, आता आपल्याबद्दल विचारेल.

"खोलीचं काय झालं?" त्याने विचारलं.

मला रडूच फुटलं. "सुरू होणार. पुढच्या महिन्यात."

तो मटकन खाली बसला, तशी मीही शेजारी बसले. तो हळूच म्हणाला, "तुम्हाला न विचारता सगळ्यांसमोर बोललो... रागावलात?"

"रागावले," मी म्हटलं. "मला सगळ्यांबरोबर कळलं म्हणून." आणि त्याचा हात हातात घेतला. "उठा. ताईकडे जायचंय सांगायला."

"खोलीचं?"

"आधी खोलीचं."