तरत्या वाडीचं एकच कपाट

नाव बरोबर होतं. परवलीचा शब्द बरोबर होता. तरीही कपाट उघडत नव्हतं, आणि खाली समुद्रात नीरजाची आई अडकली होती.

थांबा, आधी हे सगळं कुठे चाललं होतं ते सांगतो. गोष्ट आहे साल २०६८ ची. किनाऱ्यापासून सहा मैल आत एक तरती वाडी होती. सतरा मोठे तराफे साखळ्यांनी तळाशी बांधलेले, वर माणसांची घरं, आणि खाली पाण्यात मासे वाढवायची भलीमोठी जाळी. अकरा वर्षांची नीरजा तांडेल याच वाडीत राहायची. तिची आई अन्विता जाळ्यांची देखभाल करायची. ‘शिंपली’ नावाच्या एका माणसापुरत्या पाणबुडीत बसून ती खाली उतरायची, फाटलेलं जाळं सांधायची, सैल दोर आवळायची. नीरजाचे आजोबा, म्हणजे आबा, हे वाडीचे संगणकवाले. सत्तरी गाठलेली, चष्मा दोरीला बांधलेला. कुणी ‘संगणक बिघडला’ म्हटलं की त्यांना राग यायचा. संगणक बिघडत नाही, आपण त्याला भलतंच सांगून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या दुपारी बाबा मासळी पोचवायला किनाऱ्यावर गेले होते. आई दोन वाजता खाली उतरली. जाताना म्हणाली, चारला वर येते. आता आईचे चार म्हणजे सव्वाचार, कधी साडेचारसुद्धा, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. हातात घेतलेलं काम टाकून येणं तिच्या स्वभावातच नव्हतं. म्हणून तर त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं आणि बाबांच्या हातातलं पाच मिनिटं पुढे. तांडेलांच्या घरात दोन घड्याळांचं कधी पटलंच नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे.

आबा आणि नीरजा पहाऱ्याच्या खोलीत (खाली उतरलेल्या माणसावर लक्ष ठेवायची खोली) बसले होते. तिथल्या संगणकावर पावणेचार झाले होते तेव्हा आईचा आवाज आला. उत्तरेकडचा एक जाड दोर तुटला होता. चार जाळी वाहून भलतीकडे सरकली होती, आणि तळाचा गाळ उसळून हातभर पुढचंही दिसत नव्हतं. शिंपलीत जाळ्यांचा नकाशा होता, पण तो दोन वाजताचा. त्यावर विसंबून निघालं तर शिंपलीचा पंखा जाळ्यात गुंतणार, आणि गुंतला तर सोडवायला खाली कोण जाणार? नवा नकाशा पाठवा, असं आईने सांगितलं. हवा साडेचारपर्यंत पुरेल, असंही सांगितलं. तिने हे सगळं अगदी शांतपणे सांगितलं.

नवा नकाशा तयार होता. प्रत्येक जाळ्यावर एक खूणयंत्र बसवलेलं होतं. ते दर दहा मिनिटांनी आपली जागा कळवायचं आणि नकाशा आपोआप सुधारला जायचा. तो फक्त कपाटातून काढून खाली पाठवायचा होता.

आबांनी आपलं नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला. स्क्रीनवर अक्षरं आली : प्रवेश नाकारला. त्यांनी पुन्हा टाकलं, एकेक अक्षर बोटाने दाबत. प्रवेश नाकारला. तिसऱ्यांदाही तेच. आबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत चढवला.

आबांची एक सवय होती. अडलं की ते मोठ्याने बोलत विचार करायचे, तेही समोरच्याला समजावून सांगत. दुसऱ्याला नीट सांगता आलं की घोडं कुठे पेंड खातंय ते आपल्यालाच दिसतं, असं ते म्हणायचे. त्यांनी नीरजाला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, पहिल्यापासून सांगतो, माझं काही सुटलं तर टोक.

तर पहिली गोष्ट, हे कपाट. त्याचं खरं नाव फाइल सर्व्हर (सगळ्यांच्या कामाचे कागद एकाच ठिकाणी सांभाळणारा संगणक). पूर्वी हे नव्हतं. प्रत्येक तराफ्यावरच्या संगणकात नकाशाची आपापली प्रत असायची. एकाने सुधारली की बाकी सोळा शिळ्या. अशीच एक शिळी प्रत घेऊन आई एकदा खाली गेली आणि मोडका पंखा घेऊन कशीबशी वर आली. त्यानंतर आबांनी ठरवलं, प्रत एकच ठेवायची. ती एकाच कपाटात राहील आणि सतराही तराफ्यांवरून तारेने तिथवर पोचता येईल.

“पण कपाट सगळ्यांचं झालं की कुणीही कशालाही हात लावेल,” नीरजा म्हणाली. तिचे डोळे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर होते. तीन पन्नास.

म्हणून दुसरी गोष्ट, आबा बोटांवर मोजत म्हणाले, निर्देशिका (वाडीतल्या सगळ्या माणसांच्या नावांची एकच वही, तीही संगणकात). कोण आहे, त्याचा परवलीचा शब्द जुळतो का, आणि तो कुठल्या गटातला, हे त्या वहीला माहीत. मासेवाल्यांचा एक गट, दवाखान्याचा एक, पहाऱ्याचा एक. कपाटाच्या प्रत्येक कप्प्यावर लिहिलेलं असतं, हा कप्पा कुठल्या गटाने उघडायचा. नकाशाचा कप्पा पहाऱ्याच्या गटाचा. सतरा संगणकांत सतरा याद्या ठेवल्या असत्या तर एक माणूस वाडी सोडून गेला की सतरा ठिकाणी नाव खोडावं लागलं असतं, आणि एखाद्या ठिकाणी ते हमखास राहिलंच असतं. आता एका जागी खोडलं की झालं.

मग वहीच बंद पडली असेल का? आबांनी फोन उचलून समोरच्या तराफ्यावर जोकीमकाकांना लावला. जोकीमकाका मासे मोजायचं काम बघायचे. लाटा वाढल्यामुळे मधला झुलता पूल उचलून ठेवलेला होता, नाहीतर ते धावत आले असते. आबांनी त्यांना त्यांचं नाव टाकून मासेवाल्यांचा कप्पा उघडायला सांगितलं. तो झटक्यात उघडला. म्हणजे वही जागी होती, कपाटही जागं होतं. नकाशाचा कप्पा मात्र जोकीमकाका उघडू शकत नव्हते, कारण ते पहाऱ्याच्या गटात नव्हते. आबांनी वहीत त्यांचं नाव पहाऱ्याच्या गटात घालायचं म्हटलं तरी ते काम याच संगणकावरून करायचं, आणि याने तर आबांनाच ओळखायचं नाकारलं होतं. शिवाय खाली निरोप धाडणारं ध्वनियंत्र (पाण्यातून रेडिओ जात नाही, म्हणून आवाजाच्या लहरींनी बोलणारं यंत्र) होतं ते याच संगणकाला जोडलेलं. खोट इथेच होती आणि इथेच काढायला हवी होती.

नीरजाने विचारलं, आबांचं नाव चुकून गटातून गेलं असेल का? आबा म्हणाले, दोन वाजता मी याच खुर्चीत बसून नकाशा काढून दिला, आणि वहीला मीच हात लावतो, मी काही लावलेला नाही. दोन वाजता उघडत होतं, आता उघडत नाही. मधल्या वेळात काहीतरी बदललं. काय बदललं, हे ते स्वतःशीच दोनदा पुटपुटले.

नीरजाला आतून काहीतरी टोचत होतं, पण ते काय ते तिलाही अजून नीट कळलं नव्हतं. आकडे म्हणाले चार.

“राहिलं तिकीट,” आबा म्हणाले.

परवलीचा शब्द कपाटाला कधी सांगायचाच नसतो, त्यांनी समजावलं. तो ठाऊक फक्त आपल्याला आणि वहीला. वही आपल्याला ओळखते आणि एक तिकीट देते. कपाट ते तिकीट बघतं आणि कप्पा उघडतं. जत्रेत खिडकीवर तिकीट घ्यायचं आणि पाळण्यापाशी दाखवायचं, तसंच. पण तारेवरून जाणारं तिकीट वाटेत कुणी चोरून ठेवलं आणि उद्या दाखवलं तर? म्हणून तिकिटाबरोबर, ते दाखवण्याची वेळही लिहून पाठवायची असते. कपाट आपल्या घड्याळाशी ती ताडून बघतं. फरक पाच मिनिटांपेक्षा जास्त निघाला की कपाट म्हणतं, हे काहीतरी संशयास्पद आहे. आणि का नाकारलं ते सांगत बसत नाही, कारण चोराला कारण सांगायचं नसतं.

तेवढ्यात ध्वनियंत्रातून आईचा आवाज आला. खरखरत होता, आणि या वेळी तितका शांत नव्हता. “आबा, चाराला पाच कमी आहेत. अजून किती वेळ लागेल?”

नीरजाने स्क्रीनच्या कोपऱ्याकडे पाहिलं. चार वाजून पाच.

टोचत होतं ते हेच. अडीचच्या सुमाराला आबा चहा करायला उठले होते, तेव्हा तीच या खुर्चीत बसली होती. आईला दर वेळी उशीर होतो, आणि ते शेवटचा अर्धा तास खिडकीला नाक लावून पाण्याकडे बघत राहणं तिला अजिबात सहन होत नसे. म्हणून तिने स्वयंपाकघरातल्यासारखंच या संगणकाचंही घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं होतं. म्हणजे इथे चार वाजले की आईला हाक मारायची, आणि आई रेंगाळली तरी खऱ्या चारला वर यायची. एवढाच तिचा बेत होता. आईने लवकर यावं म्हणून केला होता, आणि त्यानेच आईची वाट बंद केली होती.

सांगावं तर आबा काय म्हणतील? त्या खुर्चीला हात लावायचा नाही, हे त्यांनी शंभरदा बजावलं होतं. पण खाली आईची हवा कमी होत होती, आणि हे जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

“आबा, घड्याळ मी पुढे केलंय,” ती म्हणाली. “दहा मिनिटं. मीच.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे. मनगटावरचं घड्याळ चाराला पाच कमी दाखवत होतं. ते मघापासून तिथेच होतं, पण या घरात घड्याळं जुळत नाहीत याची इतकी सवय झालेली की त्यांना तो फरक डाचलाच नव्हता. नीरजाचा हात धरून त्यांनी तो कळफलकावर ठेवला आणि म्हणाले, जसं पुढे नेलंस तसं मागे आण.

तिने आकडे मागे आणले. तीन पंचावन्न. आबांनी नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला. स्क्रीन क्षणभर तशीच राहिली, आणि मग एकेक करून कप्पे उघडत गेले. नकाशाचा कप्पा तिसरा होता. आबांनी त्यातला नकाशा ध्वनियंत्राकडे सरकवला आणि दोघंही कान देऊन बसली.

“आला,” खालून आवाज आला. “दिसतेय वाट. निघते.”

नीरजाला रडूच फुटलं. आबांनी तिला जवळ घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, तू घड्याळाला हात लावलास ही चूक, आणि कुणालाही हात लावता येईल असं मी ते ठेवलं ही तुझ्याहून मोठी चूक. नावांची वही एक केली, कपाट एक केलं, आणि वेळ मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली. तिच्या कपाळावरचे केस मागे सारत ते म्हणाले, अगं, आपण सगळेच इथे खोट्या घड्याळांत राहतो, तुला एकटीला कशी दोष देऊ?

शिंपली सव्वाचारला वर आली. झाकण उघडून आई बाहेर पडली तेव्हा तिच्या ओठांना कोरड पडली होती. नीरजाने तिला पाणी दिलं आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. आईने ते ऐकून घेतलं. रागावेल असं वाटलं होतं, पण ती रागावली नाही. ओला हात नीरजाच्या गालावर ठेवून म्हणाली, “मी वेळेवर आले असते तर तुला घड्याळ कशाला पुढे करावं लागलं असतं?”

दुसऱ्या दिवशी आबांनी सतराही तराफ्यांवरच्या संगणकांना नवा नियम घालून दिला. वेळ कुणी हाताने बदलायची नाही, वहीच्या संगणकालाच विचारायची. त्यांनी नीरजाला शेजारी बसवून ते काम तिच्याकडून करून घेतलं आणि वहीत एक नवा गट उघडला, शिकाऊ पहाऱ्याचा. त्यात पहिलं नाव तिचं. नकाशा बघता येईल, बदलता येणार नाही. पुढच्या वर्षी दक्षिणेला आणखी एक तरती वाडी उभी राहणार आहे, तिथली नावंही याच वहीत यायची आहेत, आणि तोवर तुला सगळं आलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं. नीरजाने मान डोलावली. स्वयंपाकघरातल्या घड्याळाचं काय करायचं, हे तिने विचारलं. आबांनी ते स्वतः खुर्चीवर चढून बरोबर लावलं.

आठवड्याने दोर बदलायला आई पुन्हा खाली उतरली. जाताना म्हणाली, चारला वर येते. नीरजा खिडकीपाशी उभी राहिली. जीव टांगणीला लागला होता, ते काही एका दिवसात जात नाही. ती पाण्याकडे बघत होती, तेवढ्यात समोर बुडबुडे आले आणि शिंपलीचं पिवळं डोकं वर आलं. नीरजाने घड्याळाकडे पाहिलं. वाडीतल्या सगळ्या घड्याळांत त्या क्षणी चाराला पाच कमी होते.