शेकोटीखालचा सायलस

ओहायोच्या जंगलात चिखल तुडवून कॅप्टन जोसाया केंडलचा जीव मेटाकुटीला आला होता. कॅप्टन कसला, गावकऱ्यांनी हात वर करून निवडलेला एक शेतकरीच. संध्याकाळी पिंपावर कागद पसरून तो बायकोला, मर्सीला, पत्र लिहायला बसला. लिहायचं एकच होतं, तुझा भाऊ सायलस गेला.

सकाळीच त्याला पुरला होता. लांडग्यांनी उकरू नये, आणि ज्या मूळ रहिवाशांच्या जमिनीत ही फौज घुसली होती त्यांनाही पत्ता लागू नये, म्हणून थडग्यावर शेकोटी पेटवायचा रिवाज होता. त्याच आगीवर आता मक्याच्या भाकऱ्या भाजल्या जात होत्या. जोसायाने आपली भाकरी तशीच ठेवली होती.

"लिहिलंस का रे?" सार्जंट बर्चने विचारलं. घराशेजारचाच तो, कॅप्टनबिप्टन त्याच्या तोंडी बसत नव्हतं.

"ओली बाळंतीण आहे ती, बर्च. कसं लिहू?"

"मग नको लिहूस. घरी गेल्यावर सांग तोंडाने."

जोसायाने लिहिलं, 'सायलस मजेत आहे. इथेच शेकोटीपाशी आहे. त्याला रजा दिलीय, माझ्याआधी घरी पोचेल.' त्याला स्वतःची लाज वाटली. पण अंग इतकं आंबलं होतं की लाजेनेही झोप मोडली नाही.

उत्तर आलं तेव्हा बर्फ पडायला लागला होता.

'सायलस पोचला. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी. फार थकलाय हो. जेवत नाही, नुसता चुलीपाशी बसतो. टोपी तोंडावरून काढतच नाही. छातीवर जड वाटतं म्हणतो. अंगावरची राख कितीही झटकली तरी...'

जोसायाने टोपीची ओळ पुन्हा वाचली.

"बर्च... पुरताना त्याच्या तोंडावर काय ठेवलं होतंस?"

"टोपी. डोळे मिटेनात ना त्याचे..." बर्च हळूच म्हणाला. "का रे?"

आता तरी खरं कळवायला हवं होतं. टपाल नेणारा घोडेस्वार निघण्याच्या बेतात होता. जोसायाने घाईघाईने दौत उघडली, कोऱ्या जागेसाठी तेच पत्र उलटलं. मागे मर्सीच्या अक्षरात आणखी थोडं होतं.

'बाळाला मात्र मामाचा फार लळा लागलाय. त्याच्याच कुशीत निजतं, रडतसुद्धा नाही. सकाळी त्याच्याही केसांत राख असते.'