देणाऱ्याचा रोध

मधल्या खोलीत माझं दुरुस्तीचं टेबल आहे. त्यावर बाबांनी तरुणपणी स्वतः बनवलेला पत्र्याचा पॉवर सप्लाय असतो. आम्ही त्याला पेटी म्हणतो. पेटीचा मान या घरात जावयापेक्षा मोठा, असं आई म्हणते.

"पेटीचा स्वतःचा रोध धरलास का?" हा बाबांचा ठरलेला प्रश्न. कुठलाही पुरवठा देताना थोडं आतच अडवतो. ते विसरलं, तर झेनरचा करंट कागदावर जास्त आणि मीटरवर कमी दिसतो. झेनर म्हणजे व्होल्टेज एका पातळीवर धरून ठेवणारा मुगाएवढा काचेचा तुकडा. करंट कमी पडला की त्याची पकड सुटते, फार झाला की तो जळतो. पेटीचा आतला रोध पन्नास ओहम. मला तो पाढ्यासारखा पाठ आहे.

बाबांनी अंथरूण धरलं आणि माझे झेनर जळायला लागले.

डॉक्टरांना आजार सापडेना. नुसता अशक्तपणा, दिवसेंदिवस वाढणारा. मला भीती वाटत होती, म्हणून मी कामात डोकं घातलं. पेटीचे पन्नास, बाहेर जोडलेले शंभर. हिशोबाने वीस मिलिअँप यायला हवेत. मीटर तीस दाखवत होता. म्हणजे पेटी आत काही अडवतच नव्हती. मी मीटर बदलला. तोही तीसच.

"अगं," आई पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "ह्यांचे हात बघ ना, किती गार पडलेत."

पेटी बंद करून मी गेले. चोळता चोळता हात कोमट झाले. बाबांनी डोळे उघडले.

"पेटीवर काम करत होतीस?"

"हो. का?"

"जरा जपून ओढ गं," ते म्हणाले आणि पुन्हा झोपले.

माझा स्वभाव खवचट. भुतंखेतं हे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं मी लोकांना तोंडावर सांगते. म्हणून मी पेटीचा रोध नव्याने मोजायला बसले. रीत साधी आहे: लोड, म्हणजे पेटीकडून ओढायचा करंट, वाढवायचं आणि व्होल्टेज किती पडतं ते बघायचं.

लोड वाढवलं. व्होल्टेज पडलं नाही.

आणखी वाढवलं. व्होल्टेज चढलं.

असं होत नाही. जास्त मागितलं म्हणून कुठलाच पुरवठा जास्त जोमाने देत नाही.

"अगं, लवकर ये!"

मी प्लग उपटला आणि धावले. बाबांचे ओठ निळे पडले होते. हळूहळू श्वास सुरळीत झाला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पेटी मी त्याच दिवशी माळ्यावर टाकली.

बाबा उठले, जेवायला लागले, आईशी भांडायलाही लागले. एका दुपारी मी बाजारातून आले, तर ते माझ्या टेबलाशी शीळ घालत बसले होते. माळ्यावरची पेटी त्यांनी उतरवली होती.

"बघ, आतला रोध शून्य!" त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा चांगला उबदार होता. "म्हातारी तरुण झाली की!"

त्यांनी लोडचा नॉब फिरवला. व्होल्टेज चढलं.

"बाबा, बंद करा."

"का गं? मी ठणठणीत आहे."

स्वयंपाकघरातून आईची हाक आली. मी दारात गेले. गॅसवरचं उकळतं पातेलं तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

"हे तापलंय का गं?" तिने विचारलं. "मला काही कळेचना."