आठवड्याला त्र्याण्णव दंश

शालिग्राम इंगळेंना गेल्या तीन वर्षांत चारशे बासष्ट वेळा साप चावला होता आणि प्रांताच्या आरोग्य खात्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"सोमवार, बुधवार, शुक्रवार," बाकावर बसलेले इंगळे शेजारच्या बाईला सांगत होते. "अगदी टाइमावर चावते. मी एसटीवर तीस वर्षं ड्रायव्हर होतो, पण आमची गाडी कधी एवढी टाइमावर नव्हती."

एरवी प्रमिला खंडारे सिस्टर या विनोदाला हसत. आज हसल्या नाहीत. वरूडखेडच्या ग्रामीण रुग्णालयासमोर खात्याचा ट्रक उभा होता. तो डायलिसिसची सहाही यंत्रं न्यायला आला होता.

साप नव्हताच. वरूडखेड खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं खारं पाणी पिऊन इथल्या लोकांची मूत्रपिंडं निकामी होत. पण प्रांतात आता आजार झाल्यावर उपचार होत नसत, आधी ठरत. सांडपाणी, हवामान आणि जुन्या नोंदी चाळून 'रुग्णभाकीत' नावाची संगणकप्रणाली दर मार्चमध्ये सांगे, की येत्या वर्षी कोणत्या तालुक्यात कोणत्या आजाराचे किती रुग्ण निघतील. औषधं, माणसं, निधी, सगळं त्याच बेताने येई. एका आजाराचा वाटा संपला, की त्याच्या कपाटाचं कुलूप उघडत नसे. ज्या खात्याला चालू वर्षीचा डॉक्टर कधी वेळेवर पाठवता आला नाही, त्याने पुढच्या वर्षीचे रुग्ण वेळेवर ठरवायला घेतले होते.

तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाचा वाटा फेब्रुवारीतच संपला. बाराव्या रुग्णाच्या, म्हणजे इंगळेंच्या वेळी कपाट उघडेना. सर्पदंशाचं कपाट मात्र भरलेलं होतं आणि घोणस चावल्यावर मूत्रपिंड बंद पडतं म्हणून त्यात डायलिसिसच्या नळ्याही होत्या. सिस्टरांनी आजाराच्या रकान्यात 'सर्पदंश' लिहिलं. कपाट उघडलं. त्यानंतर सगळ्यांचंच तसं लिहू लागल्या. डॉक्टर न वाचता सही करत.

रुग्णभाकीत तयार करणारे डॉ. श्रीनिकेत भागवत स्वतः आले होते. त्यांच्या हातात काचेत मढवलेलं प्रशस्तिपत्र होतं: 'मूत्रपिंडविकारमुक्त तालुका'.

"अभिनंदन, सिस्टर. दोन वर्षांत एकही रुग्ण नाही."

"मग हे बाकावर कोण बसले आहेत, सर?"

"सर्पदंशाचे. त्यावरही उपाय निघालाय. दंशानंतर लगेच प्रतिविष दिलं, तर मूत्रपिंड बिघडतच नाही. म्हणून यंत्रांऐवजी चार हजार कुप्या आणल्यात."

सिस्टरांनी त्यांना आत नेऊन सगळं सांगितलं. आवाज एकदाही अडखळला नाही. तीन वर्षं मनात घोकलेलं होतं ते.

भागवतांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नोंद तुमची आहे?"

"माझीच. पण एकाच माणसाला चारशे वेळा साप चावतो, हे तुमच्या त्या प्रणालीला कळलं कसं नाही?"

"ती नावं वाचत नाही. नावांमुळे आकड्यांत गोंधळ होतो. तुम्ही नोंद सुधारा, पुढच्या मार्चमध्ये धरली जाईल."

"मार्च? इंगळेभाऊंची आजची पाळी आहे!"

"सिस्टर, मी यंत्रं ठेवली तर भाकीत चुकेल. भाकीत चुकवणाऱ्या तालुक्याचा निधी निम्मा होतो. मग सलाइनही मिळणार नाही, बाळंतपणंही बंद. तुम्हीच सांगा, ठेवू?"

बाहेर पाच गरोदर बाया बसल्या होत्या. सिस्टर गप्प राहिल्या. त्या गप्प राहतील, हे भाकीत करायला भागवतांना संगणक लागला नाही.

"भाकीत चुकत नाही," जाताना ते समजावू लागले आणि त्यांनी तक्ता पुढे केला. "हे बघा. सध्या आठवड्याला त्र्याण्णव दंश. यंत्रं हलवल्यावर पहिल्या महिन्यात मृत्यू एकतीस. त्यानंतर दंश शून्य. प्रतिविषाचा केवढा परिणाम!"

"एकतीसच का?"

"प्रणाली कारण सांगत नाही. आकडा सांगते."

सिस्टरांनी मनातल्या मनात त्र्याण्णवला तिनाने भागलं. डायलिसिसला येणारी नावं त्यांना पाठ होती. पहिलं इंगळे. एकतिसावं बाकावरच्या त्या बाईचं.

ट्रक गेला. भिंतीवर यंत्रांच्या जागी सहा पांढरे चौकोन उरले. शिपायाने त्यातल्याच एकात प्रशस्तिपत्र टांगलं.

"सिस्टर, यंत्रं दुरुस्तीले गेले का जी?" इंगळेंनी विचारलं.

त्या शेजारी बसल्या आणि खोटं बोलल्या नाहीत. इंगळेंनी आपले सुजलेले पाय बाकाखाली ओढून घेतले.

"मंग माह्या मरणाच्या कागदावर काय लिहिसान?"

"सर्पदंश," सिस्टर म्हणाल्या. "दुसरं काही लिहिलं तर भाकीत चुकतं."

"जात लिहा लागते का सापाची?"

"रकाना आहे."

"मंग नाग लिहा जी," इंगळे म्हणाले. "घोणस नोका लिहू. गावात काही तरी इज्जत राहील."