नव्वद फुटांवरची हाक

चंद्रशेखरकाका नातीला बेसबॉलची स्कोअरशीट भरायला शिकवत होते. वेस्ट विंडसरमधली शनिवारची दुपार. खिडक्या बंद, एसी चालू, टेबलावर टोक केलेल्या दोन पेन्सिली.

"हा चौकोन म्हणजे मैदान. खेळाडू जेवढा पुढे जाईल, तेवढ्या बाजू गडद करायच्या. चौथी भरली की एक रन. घाई करायची नाही."

"आजोबा, देअर्स ॲन ॲप फॉर धिस," दहा वर्षांची अनया म्हणाली.

"असेल. पण आधी हात शिकू दे."

काकांना ही विद्या शेजारच्या वॉल्टरने दिली होती, पंचेचाळीस वर्षांपूर्वी, कुंपणावर रेडिओ ठेवून. तरुणपणी वॉल्टर एका छोट्या व्यावसायिक संघातून खेळायचा. १९५३ साली हंगामाच्या शेवटच्या सामन्यात तीन-तीन अशी बरोबरी होती, नववी म्हणजे शेवटची इनिंग, आणि तो थर्ड बेसवर, चौकोनाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर. होम, म्हणजे रन पुरी होते तो शेवटचा कोपरा, नव्वद फुटांवर. तो पळत सुटला, आणि अर्ध्या वाटेत थबकला. आउट. सामना गेला, मोठ्या संघाचं बोलावणंही गेलं. मग तो इथल्या कारखान्यात लागला आणि पुढे काकांचा शेजारी झाला. "पोचलो असतो तर तुला हा खेळ कुणी शिकवला असता?" म्हणून हसायचा.

गेल्या वर्षी त्याने त्या सामन्याच्या रेडिओ कॉमेंटरीची कॅसेट दाखवली. "मी का थांबलो, ते यात आहे. एक हाक. ती तू ऐकायला हवीस." काका म्हणाले, पुढच्या शनिवारी नक्की. पण मंडळाच्या नाटकाच्या तालमी लागल्या, आणि पुढचा शनिवार पुढेच राहिला. मार्चमध्ये वॉल्टर गेला. त्याच्या मुलीने कॅसेट आणून दिली, तेव्हा काकांना मान वर करवली नाही.

आता काका आणि अनया तीच कॅसेट ऐकत शीट भरत होते. पाचव्या इनिंगला अनयाने नाक वर केलं. बंद खोलीत नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येत होता. आठव्या इनिंगला एसीची घरघर ऐकू येईना. फक्त गर्दी, जवळची, श्वास घेणारी.

नववी इनिंग. वॉल्टर सुटला. आणि त्या कल्लोळातून एक घोगरा, म्हातारा आवाज आला, मराठीत:

"थांब रे, थांब!"

कॉमेंटेटर इंग्रजीत ओरडला, "तो थांबलाय! वर प्रेक्षकांकडे बघतोय!"

अनयाची पेन्सिल अडली. "आजोबा, दॅट्स यू."

काकांनी तोंड उघडलं नव्हतं. त्रेपन्न साली ते पुण्यात सहा वर्षांचे होते. पण आवाज त्यांचाच होता. चाळीस वर्षं कुंपणापलीकडून मुलांना हाका मारताना वॉल्टरने ऐकलेला.

"मी थांबवलं त्याला," ते पुटपुटले. "आणि त्याने बोलावलं तर गेलोही नाही."

त्यांनी कॅसेट थोडी मागे घेतली. टेबल धरून उभे राहिले.

वॉल्टर सुटला.

"पळ!" काका ओरडले. "वॉल्टर, मागे बघू नकोस, पळ!"

या वेळी टेपमधून 'थांब'ची हाक आली नाही.

"सेफ! पोचला होमला!" कॉमेंटेटरचा आवाज फुटला. गर्दी उसळली. कुणीतरी वॉल्टरचं नाव घेऊन नाचत होतं. मग टेप संपली आणि एसी पुन्हा घरघरू लागला.

काका खाली बसले. छाती हलकी झाली होती. कशाने, ते मात्र आठवेना.

"चौथी बाजू भरू ना आजोबा?" अनयाने शीट पुढे सरकवली.

काकांनी चष्मा सारखा केला. लहान लहान चौकोन, आकडे, तिरक्या रेघा. अर्ध्या त्यांच्याच हातच्या. एकीचाही अर्थ लागेना.

"छान आहे गं. कुणी शिकवलं तुला हे?"

अनया हसली. "तुम्हीच! आत्ता."

"हो?" काका शीटकडे बघत राहिले. "आणि मला?"